अक्कांची दोन उत्तरं

रविवार, सकाळचे साडेसात. सास्तूरचं शेत, विहिरीजवळची ओली काळी माती. हजर: माझ्या थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, त्यांचे यजमान, एका पायावर, आणि मी, पट्टी-वही घेऊन. अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात पुराव्याशिवाय पुस्तकावर विश्वास न ठेवणारी एकच बाई आहे, आणि ती आमच्या घरात आहे.

अक्का पन्नाशीला टेकल्यात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरायची, तेव्हा त्या दहावीत नापास झाल्या आणि त्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आमच्या घरी आल्या. गेल्या वर्षी खासगी विद्यार्थी म्हणून पुन्हा बसल्या. सगळे विषय सुटले, विज्ञान अडकलं. कुठलाही फॉर्म भरताना 'शिक्षण' या रकान्यात 'नववी' लिहायची वेळ आली की त्यांचं पेन थांबतं. ते थांबू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

मी धाराशिवला नोकरी करते. कुठलंही काम यादी करून संपवायची मला सवय. शनिवारी गती, वीस उदाहरणं. रविवारी दाब, वीस उदाहरणं, असं वेळापत्रक मी भिंतीवर चिकटवलं. शनिवारी संध्याकाळपर्यंत एक उदाहरण झालं, तेही अर्धं. साठ किलोमीटर अंतर बस ताशी चाळीसच्या एकसमान वेगानं कापते, तर वेळ किती?

"एकसमान कशी?" अक्का म्हणाल्या. "येरमाळ्याला ड्रायव्हर चहाला उतरत न्हाय व्हय?"

"अक्का, तसं गृहीत धरायचं असतं."

"कुणी? म्या न्हाय धरणार."

पुढच्याच आठवड्यात त्या घड्याळ घेऊन खरोखर तेवढा प्रवास करून आल्या. पुस्तकाचा दीड तास, अक्कांचा एक तास त्रेपन्न मिनिटं. प्रत्येक थांबा, चढलेली माणसं आणि एक उतरवलेली शेळी यांच्या नोंदीसकट. नोंद माझ्यापेक्षा नेटकी होती, हे कबूल करते.

दाबाचंही तेच. दिरांचं पाऊल चौकटीच्या कागदावर आखून त्यांनी चौकटी मोजल्या: दोनशे दहा चौरस सेंटिमीटर. वजन त्रेसष्ट किलो. ते न्यूटनात सहाशे तीस धरायचं म्हटल्यावर, "बाजारात कुणी न्यूटनात कांदे मागतंय का गं?" असं विचारून का होईना, त्यांनी ते लिहिलं. दोन पायांवर पंधरा हजार पास्कल, एका पायावर तीस हजार. उत्तर अचूक. मी बरोबरची खूण करणार, तोच त्या पट्टी घेऊन चिखलात वाकल्या.

"दाब दुप्पट, तर पाय बी दुप्पट रुतायला पायजे. आवं, हलू नका!"

"किती वेळ उभा राहू?" दीर म्हणाले.

"विज्ञान हुईस्तोवर."

दोन पायांवर उभं राहून पाय दोन बोटं रुतला, एका पायावर जेमतेम तीन. पुस्तक रुतण्याबद्दल काही म्हणतच नाही, असं मी सांगितलं. "मग म्हणायला पायजे हुतं!" अक्कांनी पुस्तक मिटलं.

मार्चच्या पेपरात गतीची तीन उदाहरणं आली. अक्कांनी तिन्हींखाली पुस्तकाचं उत्तर लिहिलं आणि त्याखाली 'खरं उत्तर' असा मथळा देऊन आपलं. निकालात पास व्हायला थोडे गुण कमी पडले. "दोन उत्तरं लिहिली की गुण जातात, अक्का. खालचं खोडायचं ना," मी चिडून म्हणाले.

"खोडायला ते चुकलंय कुठं?" त्या म्हणाल्या. मग बराच वेळ गुणपत्रिकेची घडी घालत बसल्या. एवढासा कागद, पण घडी काही मनासारखी पडेना.

आता जुलैची फेरपरीक्षा. माझ्या यादीत फॉर्म झाला, फोटो झाले, हॉल तिकीट आलं. चौथं काम, अक्कांना एकच उत्तर लिहायला बजावणं. दर रविवारी ठरवून सास्तूरला जाते. अक्का वही पुढं करतात. खालचं उत्तर मी तपासते. ते बरोबर असतं. चौथं काम तेवढं राहिलंय.