विक्या चुकला आणि आम्ही गप्प बसलो

दोस्तांनो, दुपारपासून डोक्यात हेच चाललंय, म्हणून लिहितोय.

मी जामनगरला वेल्डिंग करतो, सुट्टीवर नाशिकला आलोय. आमचा जुना पंक बँड आज पाच वर्षांनी इथल्याच द्वारका चौकातल्या गॅरेजमध्ये पुन्हा जमला. आमचा गायक विक्या आता लय फेमस झालाय. शटरबाहेर पोरं सेल्फीसाठी उभी होती.

आमच्यात पहिल्यापासून एकच नियम. जो चुकेल त्याला बाकीच्यांनी वाजवणं थांबवून शिव्या घालायच्या.

आज विक्या कडव्यात अर्धा ठेका आधीच घुसला. गिटारवाला पप्या गप्प. मी तर माझा ड्रमच त्याच्या चुकीला जुळवून घेतला.

विक्यानेच हात वर करून थांबवलं. "सल्या, चुकलो ना मी?"

"नाय भाऊ, भारी झालं," मी म्हणालो.

"भाऊ? मी कधीपासून भाऊ झालो रे? तिकडं शोमध्ये मला कोणीच चुकलास म्हणत नाही. तू पण म्हणणार नाय?"

मी घाबरत घाबरत ओरडलो, "मुडद्या, ठेका ऐक की!"

तो खदाखदा हसला आणि परत गायला. बरोबर जागेवर आला. काय आवाज, आईशप्पथ! वरचे पत्रे थरथरले, माझ्या अंगावर काटा आला.

पण मी आधी गप्प का बसलो, ते अजून कळत नाही. तुमचा दोस्त मोठा झाला, तर तुम्ही त्याला तोंडावर चुकलास म्हणता का?