दूध उतू गेलं त्या तारखेला

फॉर्म भरणं हे आमच्या घरात माझं खातं. इमिग्रेशनचे, टॅक्सचे, पासपोर्टचे, सगळे मीच भरले आणि एकही परत आला नाही, हे मी पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवत असे. ऐकवत असे, कारण आता ती सोय राहिली नाही.

आम्ही कॅनडातल्या कॅनडात, ब्रॅम्पटनहून व्हिटबीला घर बदललं तेव्हा मुलगी बारावीत जाणार होती. व्हॉलीबॉल खेळायची. नव्या शाळेच्या टीममध्ये तिची निवड झाली आणि कोचबाईंनी एक फॉर्म हातात ठेवला. इथल्या शाळांच्या खेळांचा नियम असा, की शाळा बदलली तर वर्षभर खेळायचं नाही. कुटुंबानेच घर बदललं असेल तर सूट मिळते. तिच्याकडे शाळेचं तेवढंच एक वर्ष उरलेलं. म्हणजे सूट नाही तर व्हॉलीबॉल संपला.

'नव्या घरात कधीपासून?' या रकान्यात मी बाणेदारपणे लिहिलं, अक्षय तृतीया. म्हणजे इंग्रजी तारीख लिहिली, पण दिवस तो. त्याच दिवशी आम्ही कलश घेऊन घरात पाऊल टाकलं, शेगडीवर दूध उतू घालवलं. गृहप्रवेश झाला म्हणजे घरात गेलो, यात लिहिणाऱ्याला शंका ती कसली?

आठवड्याने पत्र आलं. अर्ज नामंजूर, अपील करायचं असल्यास समितीपुढे या. कारणही दिलं होतं. आमची मुलगी एप्रिलपासून व्हिटबीत राहते असं वडील लिहितात, आणि मे महिन्यात तीच मुलगी ब्रॅम्पटनच्या शाळेकडून सॉकर खेळलेली दिसते. मग खरं काय?

"बाबा, वी मूव्ड इन ऑगस्ट!" मुलगी एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

बायको म्हणाली, "मुहूर्ताची तारीख सरकारी कागदावर लिहितं का रे कोणी? उद्या जन्मतारखेच्या जागी तिथी लिहिशील."

मी, बायको आणि मुलगी गेलो तेव्हा समिती एका शाळेच्या लायब्ररीत बसली होती. एक बाई, दोन गृहस्थ, तिघंही निवृत्त शिक्षक, बिनपगारी. समोर फायलींचा ढीग, तो मात्र वाचलेला दिसत होता. मधल्या बाई अध्यक्ष. त्यांनी आधी नियमच समजावला. "चांगली खेळाडू दुसऱ्या शाळेतून पळवून आणली, की तीन वर्षं सराव केलेली एखादी मुलगी बाकावर बसते. आम्ही तिच्यासाठी इथे असतो. तुमच्या मुलीवर राग नाही."

हे मला सुचलंच नव्हतं. मी नियम म्हणजे केवळ आपल्याला अडवायला ठेवलेलं लाकूड समजत होतो.

मग माझी पाळी. मी इंग्रजीत जे बोललो त्याचा सारांश असा: आम्ही एप्रिलमध्ये दूध उकळलं आणि ऑगस्टमध्ये राहायला आलो. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एका गृहस्थांनी अतिशय सभ्यपणे विचारलं, "मधल्या काळात दूध कोण बघत होतं?"

मी कलश, मुहूर्त, उजवं पाऊल असं सगळं सांगायला लागलो आणि आणखी खोलात गेलो. शेवटी मुलगीच उठली. "माय डॅड कान्ट डू शॉर्ट आन्सर्स," म्हणत तिने फोनवरचा फोटो त्यांच्यापुढे धरला. त्यात रिकामी बैठक, ना सोफा, ना पडदे. स्वयंपाकघरात एकच पातेलं, शेगडीभर करपलेलं दूध. आणि मी उपड्या बादलीवर उभा राहून, कोकलणाऱ्या स्मोक अलार्मला पुठ्ठ्याने वारा घालतोय. खाली तारीख, अक्षय तृतीयेची.

अध्यक्षबाईंनी चष्मा वर करून फोटो पाहिला. "या दिवशी या घरात कोणी राहत नव्हतं, हे स्पष्ट आहे," त्या म्हणाल्या. मग हसू आवरत म्हणाल्या, "आता ऑगस्टचा पुरावा द्या." सामानाच्या ट्रकची पावती बायकोने पर्समधून काढली. तिने ती आणली होती. मी कलशाचा फोटो प्रिंट करून आणला होता.

दोन दिवसांनी मंजुरीची ईमेल आली. त्या तिघांना 'फॉर्म चुकला, विषय संपला' म्हणता आलं असतं. त्यांनी दुपार घालवली. एका अनोळखी घरातलं करपलेलं दूध नीट निरखून पाहिलं. मी आभाराचं पत्र लिहिलं. बायकोने त्यातले तीन परिच्छेद काढले, मग पाठवलं.

पहिल्या मॅचला मी प्रेक्षकांच्या बाकड्याच्या टोकाला एकटाच टेकलो. दुसऱ्या सेटला आमची मुलगी आत गेली आणि तिच्या जागची मुलगी बाहेर आली. जाता-येता दोघींनी टाळी दिली. बाहेर आलेली बाकावर बसली आणि मला अध्यक्षबाईंचं बोलणं आठवलं. बाकड्यावर थोड्या पलीकडे बसलेल्या बाई त्याच मुलीला हात करत होत्या. तिची आई. मी उगाचच बुटाची लेस बांधायला वाकलो.

"तुम्ही ते दूधवाले डॅड ना?" त्यांनी विचारलं. टीमभर गोष्ट पोचली होती तर.

"हो," मी म्हटलं. "मीच."

त्यांनी मधला कोट उचलून माझ्यासाठी जवळ जागा केली, थर्मासमधली कॉफी कपात ओतली. "दूध घातलंय," त्या म्हणाल्या, "पण उतू गेलेलं नाही."

तेवढ्यात आमच्या मुलीची सर्व्हिस नेटमध्ये गेली. तिला धीर द्यायला त्यांची मुलगी बाकावरून सगळ्यांत मोठ्याने ओरडली, "शेक इट ऑफ!"