इवायाले इवायाचाच धाक

कप खाली ठेवा पहिले. हसता हसता चहा सांडला तं माह्याच नावानं बोंबलान. आपली फजिती आपल्याच तोंडानं कशी सांगू, पन बायकोनं अर्ध्या घुग्घुसले सांगून टाकलीच आहे. तं उरलेल्यायनं माह्याकडूनच ऐका. निदान थोडी इज्जत ठेवून सांगीन!

मागच्या थंडीतली गोठ. त्या आठवड्यात आमची नुसती चैन चालू होती. सोमवारी साळ्याच्या वावरात हुरडा, गुरुवारी बाजारात गरम जिलेबी, अन् रविवारी सगळ्यात मोठा कार्यक्रम. मूलच्या बाजूच्या एका खेड्यात, पोरीच्या होनाऱ्या सासरी, वावरात गोवऱ्यावर भाजलेले रोडगे अन् वांग्याची भाजी!

पोरगी माही पल्लवी, गडचिरोलीले नर्स आहे. पोरगं तिनं सोताच पसंत केलं, तिथीच लॅबमधी आहे. दोघायचीही ड्युटी होती, म्हनून भेट फक्त मोठ्या मानसायची. आम्ही एकमेकायचे तोंडही पाहिले नव्हते. फोनवर बोलनं व्हायचं ते पोराच्या मायशी, मंदाबाईशी. पोराचा बाप देवरावभाऊ, म्हनजे माहे होनारे इवाई, त्यायचा तं आवाजही ऐकला नव्हता.

सकाळी निघताना पल्लवीचा फोन आला.

"बाबा, एकच काम करा. तोंड सांभाळा."

"मी काय करतो वं?"

"दादाच्या साखरपुड्यात आचाऱ्याशी भांडले होते. मामाच्या घरभरनीत भटजीशी. बाबा, मले याच घरी लग्न करायचं आहे. तुमच्यापायी मोडलं तं मी जिंदगीभर बोलनार नाई."

पोरगी रडकुंडीले आली होती हो. म्या आईची शप्पथ घेतली. आज तोंडातून एक वाकडा शब्द जानार नाई म्हटलं.

शप्पथ बरोबर दीड घंटा टिकली.

गावाच्या अलीकडे धान कापलेल्या बांध्या लागल्या. धुकं असं का गाडीचं समोरचं चाक दिसे ना! मंदाबाईनं सांगतलं होतं, "मोहाच्या झाडापासून वळा." आता तिथी सगळी मोहाचीच झाडं, कोनत्या मोहापासून वळू? बायकोले, म्हनजे सुलोचनाले, गाडीपाशी उभं केलं अन् धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं, मी पायी निघालो. चष्म्यावर वाफ, नाकाले पानी.

पन्नासेक पावलांवर धानाचं पुंजनं रचून होतं. त्याच्यापाशी एक मानूस बसून होता. अंगावर घोंगडं, डोक्याले दुपट्टा, अन् माह्याकडे पाहून हसून राह्यला.

"राम राम भाऊ!"

काही नाई. नुसता हसून राह्यला.

"देवरावभाऊचं वावर कोनतं जी?"

डोळ्याची पापनी हलवन तं शप्पथ!

माही टाळू गरम व्हाले लागली. तुम्हीच सांगा, थंडीत वीस कोस गाडी हानत आलेल्या मानसाकडे पाहून कोनी असं दात काढन तं काय वाटन? तरी म्या पल्लवीले आठवलं, अन् परत एकदा इचारलं.

हसूनच राह्यला!

मंग काय, सुटलो मी.

"काऊन रे, जीभ इकून खाल्ली का? पावन्याले पाहून दात काढतं? त्या मिशा तं पाह्य, डांबराच्या ब्रशनं काढल्यावानी! असं तोंड घेऊन लोकायच्या समोर बसाले लाज नाई वाटत? अबे, देवरावभाऊले ओळखतं का? माहे इवाई होत ते! त्यायले एक शब्द सांगतला ना, तं या गावात तुले कोनी पानी नाई पाजनार! अशा गावात पोरगी द्यायच्या पहिले तं मी दहादा इचार करीन!"

तेवढ्यात त्याले शिंक आली.

आंगठ्यापासून डोक्यापर्यंत मानूस गदगदा हलला. पन तोंड? तोंड जसंच्या तसं हसून राह्यलं!

मंग तो उठला, घोंगडं सावरलं, अन् गर्रकन फिरला. अन् मांगच्या बाजूनं दुसरं तोंड निघालं! बिनमिशाचं, म्हातारं, जितं तोंड!

म्या अशी बोंब ठोकली का पुंजन्यावरची पाखरं उडाली. पाय घसरला, अन् खाली बांधीतल्या चिखलात आडवा. नव्या सदऱ्यासकट.

"अरे बाप्पा! कोन होय जी?" म्हाताऱ्यानं कानटोपी वर सरकवली, हात देऊन उठवलं. "घुग्घुसचे पावने होय का? या, या! मी देवराव."

मले वाटलं, परत चिखलात जाऊन पडावं.

त्या हसऱ्या तोंडाची गोठ त्यायनंच सांगतली. मुखवटा होता तो, डोक्याच्या मांगे बांधलेला. "वाघ मांगूनच येते ना जी. त्याले तोंड दिसलं का वाटते, मानूस पाहून राह्यला. मंग येत नाई. वावरात एकटा बसलो का लावतोच मी."

आता आमच्या घुग्घुसात ट्रकची भीती. ट्रकले कोन मुखवटा दाखवते? मले कसं माहीत राहीन?

"तुम्हाले... काही ऐकू आलं का जी?" म्या हळूच इचारलं.

"आं?"

जोरात इचारलं.

"नाई बा. डावा कान गेलाच आहे, उजव्यावर कानटोपी. कोनी बोंबलल्यावानी वाटलं खरं. काय झालं होतं?"

इथी गप बसाचं होतं. पन मी अन् गप? तोंडातून निघून गेलं, "वाघ होता जी. हाकलला म्या."

बाप्पा रे! त्या इलाख्यात वाघाचं नाव असं घ्याचं असते का? देवरावभाऊचा चेहरा पांढरा पडला. त्यायनं आवाज दिला तशे आजूबाजूच्या वावरातून दहा-बारा मानसं काठ्या घेऊन धावत आले. कोनी डबा वाजवून राह्यलं, कोनी वनरक्षकाले फोन लावून राह्यलं, कोनी बांधीत पावलाचे ठसे शोधून राह्यलं. ठसा एकच होता, माह्या ढुंगनाचा. तिकडे गोवऱ्याच्या आरात रोडगे करपून राह्यले, पन पाहाले कोन जाते?

सुलोचना रस्त्यावरून धावत आली. "कुठी होता वाघ?" तिनं इचारलं. म्या वर पाहिलं. तीस वर्षांचा संसार आहे, तिले समजलं.

अन् मंग देवरावभाऊ माह्यापाशी आले, हात जोडून.

"पावने, तुमचा जीव गेला असता आज. असं धोक्याचं गाव आमचं. इथी पोरगी द्या म्हनाले माही जीभ रेटत नाई. तुम्ही नाई म्हटलं तं आम्हाले राग नाई येनार."

पल्लवीचं लग्न मोडून राह्यलं होतं, अन् तेही माह्या बहादुरीपायी! खरं सांगावं तं मुस्काट फुटते, नाई सांगावं तं पोरगी जाते.

तेवढ्यात पुंजन्याच्या मांगून एक बाई निघाली. पदराच्या वट्यात वालाच्या शेंगा.

"काठ्या ठेवा खाली," ती म्हने. "वाघ-बिघ काही नाई आला. मी पहिलेपासून इथीच शेंगा तोडून राह्यली होती. कोल्हा होता. लय कोल्हेकुई केलीन, अन् आपल्याच पायानं चिखलात पडला."

मंदाबाई! फोनवरचा तोच आवाज!

सगळे हसले, पांगले. आम्ही रोडग्याले बसलो. मी करपलेले चार रोडगे मुंडी खाली घालून खाल्ले, एक शब्द बोललो नाई. देवरावभाऊ माह्या बायकोले म्हनते, "इवाई लय शांत सभावाचे आहेत बाई." सुलोचनाले ठसकाच लागला.

निघताना लग्न पक्कं झालं. मंदाबाईनं सुलोचनाच्या हातात एक पिशवी ठेवली. मले वाटलं, वालाच्या शेंगा असतीन. पाहतो तं मुखवटा! डांबरी मिशाचा, तोच.

"इवायासाठी आहे," मंदाबाई म्हने. "त्यायले मांगून लावाची गरज नाई. समोरूनच लावत जा. लय लोकायचा जीव वाचन."

लग्न झालं, पोरगी सुखात आहे. त्या दिवशी स्टेजवर फोटोवाला सारखा म्हनून राह्यला, "काका, थोडं हसा ना! काका, हसा!" मी आपला गप उभा.

तं बायको त्याले म्हनते, "घे बाबू तसाच फोटो. त्यायचं हसरं तोंड घरी खिळ्याले टांगून आहे."