भिंतीकडं तोंड

माकणीच्या अंगणवाडीत कडूबाईंनी बावीस वर्षं पोरांना अंक शिकवले. गेल्या दिवाळीनंतर पाच वर्षांच्या कृष्णराजनं त्याचा उपयोग केला. आजोबांच्या मोबाईलवर आलेले सहा आकडे त्यानं फोनवरच्या गोड बोलणाऱ्या काकांना न अडखळता वाचून दाखवले. बलभीम आजोबांचं खातं रिकामं झालं.

"पोरगं लई हुशार केलंय तुमी," आजोबा कडूबाईंना म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

मग कडूबाईंनी खेळ काढला. जुन्या कॅलेंडरचे आकडे कापून एका पोराच्या मुठीत तीन द्यायचे. बाकीच्यांनी मामा होऊन, बँकेचा साहेब होऊन ते विचारायचे. मुठीतले आकडे सांगितले, की कोंबडा व्हायचं. विचारणाऱ्याला तीनदा नकार मिळाला, की त्यानं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं.

"आन् बाईंनी इचारलं तर?" कृष्णराज म्हणाला. या विषयात त्याचा अनुभव मोठा होता.

"तरी न्हाय. बाईचा आवाज काढून बी इचारतेत लोक."

चार वर्षांची सृष्टी या खेळात कधीच हरली नाही. तिला चिक्की देऊन पाहिली. तिनं चिक्की खाल्ली, मूठ उघडली नाही.

जूनमध्ये वरून आदेश आला. यादीतल्या प्रत्येक मुलाची मोबाईलवर नव्यानं नोंद करायची. आईच्या फोनवर ओटीपी येईल, तो विचारून भरायचा. शुक्रवारपर्यंत ज्याची नोंद नाही, त्याचं आहाराचं पाकीट बंद. यादीत एकतीस नावं होती.

पहिलं घर सृष्टीचं. तिची आई प्रतीक्षा भाकरी थापत होती. कडूबाईंनी आपल्या मोबाईलवर नाव भरलं. ओटीपी येऊन प्रतीक्षाचा फोन वाजला आणि सृष्टी त्यावर बसली.

"सृष्टे, आकडे सांग गं."

"न्हाय."

"अगं म्या हाय, तुझी बाई. सांग."

"बाईचा आवाज काढतेत लोक."

"मग तोंड बघ की माझं! आता सांग."

सृष्टीनं तोंड नीट बघितलं. "न्हाय. तीनदा झालं. भिंतीकडं."

"बाईंना आसं बोलतेत व्हय?" प्रतीक्षा ओशाळली. "थांबा बाई, म्या सांगते."

कडूबाईंच्या डोळ्यांपुढं एकतीस पाकिटं आली. पाठोपाठ बलभीम आजोबा आले.

"सांगू नगंस," त्या म्हणाल्या आणि आपला मोबाईल प्रतीक्षाच्या हाती दिला. "मेसेज कशाचा हाय ते आदी वाच. मग तुझ्या हातानं भर."

एवढं बोलून त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. सृष्टी फोनवरून उठली.

दुसऱ्या घरी त्या पोचायच्या आत बातमी पोचली होती. बाईंना कुठली भिंत द्यायची यावर पोरं भांडत होती. ज्या आयांना आकडे भरता येत नव्हते, त्यांना कडूबाईंनी पाठमोरं उभं राहून शिकवलं. कुणाच्या भिंतीला पोपडे आलेत आणि कुणाचं कॅलेंडर अजून मार्चवरच आहे, हे बुधवारपर्यंत त्यांना पाठ झालं.

शुक्रवारी दुपारी सुपरवायझर मॅडमचा फोन आला.

"एकतीसच्या एकतीस? बाकीच्या गावांत बायका ओटीपी द्यायला तयार नाहीत. तुम्ही कसे घेतले?"

"म्या एकबी घेतला न्हाय, मॅडम. भिंतीकडं तोंड करून हुबी हुते."

मॅडमनी पुन्हा विचारलं. कडूबाईंनी पुन्हा तेच सांगितलं.