सुबिराच्या पाठीमागं

फमाऊ नाखवाला समुद्राची भीती कधी वाटली नाही. वाटली ती एका हातोडीची. विम्याचा माणूस मोंबासाहून यायचा होता आणि तो म्हणे होडीची फळी न् फळी ठोकून बघतो. तो पास करील तर विमा, विमा असेल तर उतारू. आणि नाही केली पास तर? तर लामू बेटाच्या वाळूवर अबूद सुतार टेप घेऊन बसलाच होता. जुन्या होड्या फोडून हॉटेलवाल्यांना टेबलं आणि पलंग करून विकायचे, हा त्याचा धंदा. मेल्याला सकाळपासून दुसरं काम नव्हतं.

"नाखवा, कडेचं लाकूड माझ्यासाठी ठेवा हो," तो हसत म्हणाला. "झकास जेवणाचं टेबल होईल."

"तुझ्या जनाज्याला ठेवतो की!" फमाऊ म्हणाला खरा, पण नजर त्याची टेपवरून हटेना.

ही होडी, सुबिरा, त्याच्या बापानं बांधली होती. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना पांढरे डोळे कोरलेले. बाप सांगायचा, होडीला डोळे आहेत, तिच्या तोंडासमोर तिचं दुखणं काढू नये. बोलायचंच झालं तर मागं सुकाणापाशी जायचं आणि हळू बोलायचं. कुजलेल्या फळीला त्यांच्या घरात 'झोपलीय' म्हणत. सगळं बंदर हसायचं. हसेनात का! फमाऊनं साठी गाठली, पण हा नेम मोडला नाही.

आणि आता डोलकाठीच्या बुडाखालची एक फळी झोपली होती. ओहोटीला होडी वाळूवर टेकवून, झावळ्या पेटवून तळ शेकताना त्याला ती सापडली. पेचकस पिकल्या पपईत जावा तसा आत गेला. त्यानं कुणाला हाक मारली नाही. मेहुण्याला, त्वालिबला, खुणेनंच सुकाणामागं बोलावलं.

"बदलायची तर डोलकाठी उतरवावी लागेल दाजी," त्वालिब कुजबुजला. "तोवर साहेब येऊन जाईल. आतून-बाहेरून पुट्टी भरू. वर चुना आणि चरबी. ठणठणीत वाजेल बघा."

"आणि नाही वाजली तर?"

"वाजेल हो! केवढे घाबरता!"

घाबरू नको तर काय करू? पुट्टी शेवटी त्वालिबनंच भरली. एकदा विमा होऊ दे, मग सावकाश बदलू, असं फमाऊनं मनाला समजावलं. अशी समजूत घालणारा तो काही पहिलाच नव्हे.

विम्याचा बाराझा साहेब उंच, शांत माणूस. त्यानं नांगर बघितला, दोर ओढून बघितले, मग होडीखाली वाकून हातोडी काढली. टक. टक. फमाऊच्या ओठांवर अल्लाचं नाव होतं. डोलकाठीखाली हातोडी आली आणि ठण्ण वाजली. साहेब पुढं सरकला.  फमाऊचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण तो काही पडेना.

"नीट ठेवलीय होडी तुम्ही," साहेब म्हणाला. "भरती आली की एक फेरी मारू. शीड ताणल्यावर कशी चालते ते बघितलं की झालं."

वारा तर कुसीचा, दक्षिणेकडून नुसता सुटलेला. भरतीनं सुबिरा तरंगली. साहेब चढला. काठाकाठानं नेऊ, काही होत नाही, असं फमाऊ मनात घोकत होता. तेवढ्यात त्याची बायको म्वानाइशा डोक्यावर पातेलं घेऊन पाण्यातून आली आणि थेट होडीत चढली.

"अहो सोमोएचे बाबा! पास झाली म्हणे! मग मला शेला गावाला सोडा. लेकीला आठवा लागलाय, तिला नारळाचा भात न्यायचाय."

ती डोलकाठीला धरून उभी राहिली. त्वालिबनं शीड वर ओढलं आणि बुडाशी काहीतरी करकरलं.

"उतर!" फमाऊ नाळेवरून ओरडला. "अगं, उतर खाली!"

"का हो? साहेब चालतात आणि बायको चालत नाही?"

फमाऊ साहेबाकडं वळला. "साहेब, डोलकाठीखालची फळी झोपलीय."

"झोपलीय म्हणजे?"

"काही नाही साहेब," त्वालिब घाईनं म्हणाला, "जुनी, मुरलेली आहे, असं म्हणतात दाजी."

सुटायला वाट होती. मोंबासाच्या माणसाला तो शब्द कुठून कळणार! पण म्वानाइशा डोलकाठीलाच टेकली होती. फमाऊनं डोक्यावरची टोपी काढून सुबिराच्या एका डोळ्यावर धरली. डोळे दोन आणि टोपी एक.

"कुजलीय," तो मोठ्यानं म्हणाला. "आम्ही पुट्टी भरली."

साहेबानं डोलकाठीजवळची सुटी पाटी उचलून खालच्या फळीत पेचकस दाबला. तो मुठीपर्यंत गेला. बाहेर काढला तशी काळ्या पाण्याची धार लागली. त्वालिबनं धावत जाऊन फडकं कोंबलं.

"आज पास नाही," साहेब पेचकस पुसत म्हणाला. तो पाण्यात उतरून चालू लागला. काठावर अबूद कपड्यांची वाळू झटकत उठला.

म्वानाइशाही उतरली. कंबरभर पाण्यात, पातेलं सावरत ती सुबिराच्या डोळ्यांसमोर थांबली. फमाऊही खाली आला.

"साहेबांना घेऊन निघालाच होतात," ती म्हणाली. "मी आले नसते, तर बोलला असतात?"

फमाऊनं तिचं कोपर धरलं आणि तिला सुकाणाकडं, होडीच्या मागं नेऊ लागला. ती जागची हलली नाही.

"इथंच सांगा. तिच्यासमोर."