मोठी आणि माझी आतली चरबी

आमची मोठी जाऊ रिक्षात बसली की रिक्षाचं पुढचं चाक अंबरनाथ सोडून आभाळाकडे बघायला लागायचं. यात काडीची अतिशयोक्ती नाही. स्टँडवरचे रिक्षावाले तिला लांबून येताना पाहिलं की आधी टायर चाचपायचे. सासूबाई तिला 'मोठी' म्हणायच्या ते नात्याने, पण ऐकणाऱ्याला वाटायचं वर्णन चाललंय. तिला त्याचं काही नाही. कोणी टक लावून बघितलंच तर हीच म्हणायची, "बघून घ्या दादा, तिकीट नाही."

मी तिची धाकटी जाऊ. अंगाने काडी, आणि ती काडी कायम पेटलेली. न पेटून करते काय? भाजी कमी पडली, मोठीला विचारा. विहारात कार्यक्रम ठरला, मोठीला बोलवा. आमटी मी करायची आणि पंगतीने दाद द्यायची मोठीच्या हसण्याला. ती हसली की मागच्या आळीतली तान्ही पोरं जागी व्हायची आणि रडायचं सोडून तीही हसायची. मी हसले की लोक विचारायचे, "काय गं, ठसका लागला?"

आम्हा दोघींना दिवस राहिले ते एकाच वर्षी, म्हणजे तिथेही मला एकटीला मान नाही. उल्हासनगरला सिंधी लोकांच्या कॅम्पात एक सोनोग्राफीवाल्या डॉक्टरबाई होत्या. लोडशेडिंगचे दिवस, खाली जनरेटर धडधडतोय आणि वर बाई शांतपणे पोटं बघतायत. त्यांचा एक अभ्यास चालला होता. गरोदर बाईच्या पोटातली चरबी सोनोग्राफीत मोजायची आणि पुढे कोणाला साखर होते, कोणाचं बीपी चढतं, ते बघायचं. मोठीला बघून बाईंचा चेहरा खुलला. "अभ्यासात येणार का?" म्हणाल्या. मोठी म्हणाली, "मीच येते डॉक्टर, मला उचलून कोण आणणार?"

झालं. तपासताना बाई मशीनचा दांडा हलक्या हाताने धरायच्या, दाबला तर चरबी चपटी दिसते म्हणून. मोठी आडवी पडूनच ओरडायची, "खोल खणा डॉक्टर, पाणी लागेल!" बाहेर बाकावरच्या सिंधी बायकासुद्धा पोट धरून हसायच्या. घरी सासूबाईंनी विचारलं, "काय गं, मुलगा दिसला का मुलगी?"

मोठी म्हणाली, "आई, ती चरबी बघते. चरबीत कुठे मुलगा-मुलगी?"

तरी सासूबाईंनी विहारभर सांगून टाकलं, आमची मोठी डॉक्टरकीच्या अभ्यासात आहे. मी ऐकत होते. माझ्या कानातून जो धूर निघाला तो एमआयडीसीच्या धुरात मिसळला, म्हणून कोणाला कळलं नाही इतकंच.

पुढच्या खेपेला मी तडक बाईंसमोर उभी राहिले. "माझी पण मोजा." बाई म्हणाल्या, "हो, बारीक बायकाही हव्यातच. त्याशिवाय तुलना कशी करणार?" मी झोपले. श्वास सोडा, थांबा, घ्या. बाई पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "दिसायला बारीक, लेकिन अंदर देखो. कातडीखाली तुमच्या काही नाही, पण आत, आतड्यांच्या बाजूला जी चरबी असते ना, ती तुमच्या जाऊबाईंपेक्षा जास्त आहे."

जास्त! त्यापुढचं बाई जे बोलल्या ते मी अर्ध्या कानाने ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कशात तरी मोठीच्या पुढे गेले होते. कॅम्पातूनच सिंध्याच्या दुकानातली शेवबर्फी घेतली, घरी आले आणि उंबऱ्यातूनच जाहीर केलं, "मी पहिली आले!" सासूबाईंना काही कळलं नाही, पण बर्फी दिसल्यावर त्याही खूश झाल्या. मी एक तुकडा तोंडाशी नेला तोच मोठीने मनगट धरलं.

"डॉक्टर अजून काय म्हणाली?"

"काही नाही. उद्या उपाशीपोटी या म्हणाली, साखर तपासायला."

मोठीने तो तुकडा माझ्या हातातून काढून स्वतःच्या तोंडात टाकला. "येडे," एवढंच म्हणाली. ती हसली नाही, आणि तिचं न हसणं मी पहिल्यांदाच बघत होते.

साखर निघाली. भरपूर निघाली. सांभाळलं नाही तर बाळाला त्रास होईल, बाळ नको तेवढं वाढेल, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. मोठीची तपासणी ठीक होती. तिच्या बीपीवर मात्र बाईंचा डोळा असायचा. मी रडले. बाळासाठी रडले, आणि थोडी, मोठीची साखर ठीक निघाली म्हणूनही. त्या दिवसापासून रोज जेवल्यावर मोठी मला हाताला धरून चालायला न्यायची. स्वतःला धाप लागायची, मी थांबले की म्हणायची, "चल गं, मी कुठे थांबलेय?"

डोहाळजेवण दोघींचं एकत्र झालं. विहारातल्या बायकांनी पुरणपोळ्या आणल्या, श्रीखंड आणलं. डोहाळकरणीला नाही म्हणू द्यायचं नसतं. एकेक जण माझं ताट भरायची आणि मोठी शेजारी बसून सगळं आपल्या ताटात ओढायची. एक काकू मोठ्याने बोललीच, "काय बाई, जावेच्या तोंडचंही खाते!" मोठी म्हणाली, "काकू, वाढा अजून." माझ्या साखरेबद्दल एक शब्द बोलली नाही. सगळ्यांच्या देखत हावरट झाली आणि मी भाकरी-मेथी चावत विचार करत राहिले, हिलाच का पुरणपोळी?

दोघींची बाळंतपणं नीट झाली. माझी मुलगी अगदी बेताच्या वजनाची जन्मली. तिला सगळ्यात आधी मोठीने घेतलं, आणि नऊ महिने वागवलेली माझी पोर तिच्या हातात जाऊन गप्प झाली, ते मला आजही खुपतं.

पुढे थोरल्या दीरांनी बदलापूरला फ्लॅट घेतला. टेम्पो भरला तेव्हा अख्खी आळी दारात. बायका रडतायत, रिक्षावाले रडतायत, दुकानदार गल्ला उघडा टाकून आलेला. मी गेले तर यातलं एक तरी माणूस रडेल का, हा विचार मनात आला मात्र, मी असा गळा काढला की लोकांनी मोठीला सोडून माझ्याकडे बघितलं.

टेम्पोत पुढे बसलेल्या मोठीने डोळे पुसत मान बाहेर काढली. "बस्स गं धाकटे," म्हणाली, "जिंकलीस."

टेम्पो वळला. मला काही केल्या थांबता येईना.