नवख्यांचे भावोजी

चेन्नईसारख्या ताटाइतक्या सपाट गावात राहून माणसांना डोंगरावर आणि तिथून थेट बर्फावर नेऊन उभं करणारा माझ्या भावोजींसारखा माणूस दुसरा झाला नाही, आणि खरं सांगायचं तर व्हायलाही नको. स्वतः ते परभणीचे. तिथं त्यांनी पाहिलेला सर्वांत उंच चढ म्हणजे रेल्वे स्टेशनचा पादचारी पूल. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यात, रंगकाम खात्यात लागले आणि शनिवार-रविवारी डोंगर चढणाऱ्या हौशी मंडळींच्या एका ग्रुपात शिरले. सहा महिन्यांत ग्रुपातलं नवख्यांचं खातं आपोआप त्यांच्याकडे आलं. ग्रुपात मराठी आम्ही दोघंच. मी त्यांना ‘भावोजी’ म्हणतो हे ऐकून तमिळ मंडळींनी ते त्यांचं नावच समजून घेतलं आणि सगळे त्यांना ‘भावोजी सर’ म्हणू लागले. कागदोपत्री ते आता माझे कोणीच लागत नाहीत, पण शंभर-दीडशे परक्या माणसांचे ते अजून भावोजी आहेत.

माणूस भेटला की ते आधी त्याच्या चपला-बूट बघत, मग तोंड. एकदा कंपनीच्या बसमध्ये शेजारी झोपलेल्या इंजिनियरला त्यांनी हलवून जागं केलं आणि तुमच्या बुटाची टाच बाहेरून झिजलीय, म्हणजे तुम्ही आयुष्यभर चुकीचं चालत आलात, असं शांतपणे सांगितलं. तो बिचारा रात्रपाळी करून घरी निघालेला. पुढच्या शनिवारी तो जव्वादूच्या डोंगरात होता. माझी गोष्ट याहून वेगळी नाही. साखरपुडा मोडल्यावर मी सिरुसेरीतली नोकरी धरून मेडवक्कमला ताईच्या घरी राहायला आलो, तेव्हा माझं वजन चौऱ्याण्णव किलो होतं आणि ऑफिस सुटलं की मी सोफ्यावर आडवा होत असे. भावोजींनी मला व्यायाम कर असं एका शब्दानं सुचवलं नाही. औषधांची पिशवी धरायला माणूस कमी पडतोय, तेवढ्यापुरता ये, म्हणाले. निम्म्या चढावर मी एका दगडावर बसलो आणि आता इथून हलणार नाही असं जाहीर केलं. ते शेजारी बसले आणि गाडीच्या दारावर रंगाचे बुडबुडे येऊ नयेत म्हणून काय काय करतात ते सांगत राहिले. दोन तास. मी केव्हा उठलो आणि केव्हा चालायला लागलो ते मला आजही आठवत नाही. माथ्यावर पोहोचलो तेव्हा मी एका खडकामागे जाऊन रडलो, आणि ते मुद्दाम दुसरीकडे बघत उभे राहिले. हे उपकार मी विसरू शकत नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच अवघड होऊन बसलं.

दर वर्षी जानेवारीत ते नवख्यांची एक तुकडी उत्तराखंडात स्की शिकायला नेत. तयारी चेन्नईतच. परदेशी जाणाऱ्या कोणाकडून तरी त्यांनी जुन्या स्कीच्या दोन जोड्या मिळवल्या होत्या. चेन्नईबाहेरच्या कोवळमच्या पुढे समुद्रकाठी वाळूचा एक उंचवटा आहे, तिथं पहाटे ते मंडळींना त्या पट्ट्यांवर उभं करत. थांबायचं असेल तेव्हा पायांचा डोसा करा, असं त्यांचं शास्त्र होतं. हॉटेलात लहान मुलांसाठी डोशाचं शंकूसारखं टोक करतात, तसे पुढून अंगठे जवळ आणि मागून टाचा लांब. पंचवीस अंशांच्या दमट उकाड्यात लोकरीचे हातमोजे घालून दहा-बारा सुशिक्षित माणसं वाळूत डोसे करत उभी असायची. जाळं विणत बसलेल्या एका कोळ्यानं तासभर हे पाहिलं आणि शेवटी भावोजींना विचारलं की होडी कधी येणार. भावोजींनी त्याला बसवून बर्फ म्हणजे काय ते समजावलं. त्यालाही पुढच्या वर्षी चल म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले.

या सगळ्यात माझी ताई कुठे होती, असं कोणी विचारलं नाही; मीही नाही. ताई शुक्रवारी संध्याकाळी तीस माणसांचा दहीभात करत असे. मोहरी-मिरचीची फोडणी, वरून डाळिंबाचे दाणे. डोंगरावर तो ‘भावोजी सरांचा दहीभात’ म्हणून प्रसिद्ध होता. परक्या बाईला बुटाची नाडी कशी बांधावी हे अर्धा तास समजावणाऱ्या या माणसाला बायकोच्या दाढेसाठी दवाखान्यात जायला सवड होत नसे. स्कूटर तिला मी शिकवली. बँकेचं, गॅसचं, घराच्या भाड्याचं काहीही विचारलं की भावोजींचं उत्तर ठरलेलं: तुला माहितीये ना. ताईला बहुतेक गोष्टी माहिती नसत. चेन्नईत येऊन तिला चार वर्षं झाली होती, तमिळ धड येत नव्हतं, पण भावोजींच्या लेखी ती सगळं येणारी जुनी मेंबर होती.

त्या वर्षी ताईनं मलाही बर्फावर यायचंय असं जेवता जेवता सांगितलं. भावोजी ये म्हणाले आणि आमटी वाढून घेतली. तिनं तयारी माझ्याबरोबर केली. दोन महिने आम्ही पाठीवर तांदळाच्या पिशव्या घेऊन परंगीमलैच्या, म्हणजे सेंट थॉमसच्या चर्चच्या टेकडीच्या, पायऱ्या चढलो-उतरलो. मेणबत्त्या विकणाऱ्या बायकांना वाटे, हिचा काही मोठा नवस असणार.

तिथं पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी सगळ्या नवख्यांनी आपापली ओळख करून दिली. भावोजी प्रत्येकाला जोडीदार नेमून देत होते. तुकडीत एकसष्ट वर्षांच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. त्यांचं मराठी जुन्या पोथीतून उठून तमिळ चालीवर चालत आल्यासारखं वाटे. बर्फाला एकदा हात लावून मरायचं, एवढ्यासाठी त्या आल्या होत्या. त्यांचा जोडीदार भावोजी स्वतः झाले. ताईची पाळी आली तेव्हा ते हसत म्हणाले, “ही नवीन नाही, माझी बायको आहे.” सगळे हसले. ताईही हसली. जोडीदार तिला मिळाला नाही, कारण तो असणारच असं प्रत्येक जण धरून चालला. मी जुन्या मंडळींच्या वेगळ्या तुकडीत होतो आणि स्वतःच्या पायांचा डोसा करण्यात गुंतलो होतो.

तिसऱ्या दिवशी ताई पडली. स्की एकीकडे गेली, पाय दुसरीकडे. तिथल्या शिक्षकांनी तिला खाली आणलं आणि वरच्या उतारावर भावोजींना निरोप पाठवला. ते त्या शिक्षिकाबाईंचे दोन्ही हात धरून त्यांना पावला-पावलानं उतरवत होते. तिला डॉक्टरकडे न्या, मी या लोकांना सुखरूप खाली आणून येतो, असा त्यांनी उलट निरोप दिला. आले ते दिवस मावळताना. गुडघा एवढा सुजलेला. त्यांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले,

“मी सांगितलं होतं, वजन पुढे ठेव.”

“कधी सांगितलं होतंस?” ताईनं विचारलं.

ते आठवू लागले. खरंच आठवू लागले, कपाळाला आठ्या घालून. इतक्या माणसांना त्यांनी ते इतक्या वेळा सांगितलं होतं की बायकोलाही सांगितलं असणारच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी तिथंच उभा होतो. मला हसू आलं, आणि ते मी गिळलं. त्याची चव अजून जिभेवर आहे.

चेन्नईला येऊन ऑपरेशन झालं. ताई वॉकर घेऊन चालू लागली. पहिल्या शनिवारी भावोजी घरी थांबले. दुसऱ्या शनिवारी नवी तुकडी होती. ताई त्यांना जा म्हणाली. मलाही म्हणाली, आणि मी गेलो. कपाटामागून सॅक काढताना मी तिचा वॉकर बाजूला सरकवला आणि तो तसाच पलीकडच्या भिंतीला टेकून राहिला. दुपारी त्या शिक्षिका डबा घेऊन भेटायला आल्या, तेव्हा दारापर्यंत पोहोचायला ताईला वीस मिनिटं लागली. फरशीवरून सरकत. आत आल्यावर बाईंनी तिचे हात धरले आणि म्हणाल्या, “तुम्ही पडलात हे मज तेव्हा कोणी सांगितलं नाही, अम्मा. ठाऊक असतं तर मी त्यांचे हात सोडवून घेतले असते.” हे मला ताईनंच सांगितलं, आम्ही संध्याकाळी मातीनं भरलेले बूट घेऊन घरी आलो तेव्हा. ती चिडलेली नव्हती. भावोजी मात्र बाईंचे गुडघे आता कसे आहेत, ते विचारत होते.

वॉकर सुटल्यावर महिनाभरानं ती घर सोडून निघाली. स्टेशनवर बॅग चढवून मी उभा राहिलो. ती खिडकीतून म्हणाली, “त्याचं मला नवल वाटलं नाही रे. पण तूही गेलास.” गाडी वेळेवर सुटली.

पुढं सगळं सामोपचारानं झालं. भांडायला दोघांकडेही काही नव्हतं. आमच्या घरी भावोजींचा विषय निघत नाही. ताईच्या लेखी मी त्यांना भेटत नाही. भेटतो. वर्षातून दोन-तीनदा डोंगरावर जातो, आणि दर वेळी उतरताना ठरवतो की पुन्हा यायचं नाही.

मागच्या महिन्यात गेलो होतो. सगळी तुकडी बसकडे गेल्यावर ते माझ्याशेजारी येऊन बसले. केस बरेच पिकलेत. बराच वेळ ते रंगाच्या बुडबुड्यांविषयी काहीबाही बोलले. मग समोर बघत त्यांनी विचारलं, तिला मांडी घालून बसता येतं का. मी येतं म्हणालो. ते खोटं होतं. ती देवापुढेही खुर्चीवर बसते. ते म्हणाले, “चढताना काही नाही, पण जिना उतरताना कठडा धरू दे तिला. अजून वर्षभर तरी.” एवढं बोलून उठले आणि बसकडे निघून गेले.

ताई कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. दर रविवारी मी तिला फोन करतो. इकडचं-तिकडचं बोलून झालं की हल्ली मी विचारतो, उतरताना कठडा धरतेस ना. ती म्हणते, धरते. हे एकाएकी माझ्या डोक्यात कुठून आलं, ते ती विचारत नाही.